खोललंच आहे तर...

जुनी सेडान नव्या सेडानपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. तिची दुरुस्ती मात्र नव्या सेडानच्याच भावाने होते. होंडा सिटीचेच उदाहरण घ्यावे. ही गाडी भारतात १९९८ साली आली, २००३ मध्ये तिला गोलसर तोंड मिळून बाजारात ती ‘डॉल्फिन’ झाली, २००८ मध्ये पुन्हा धारदार दिसू लागली आणि २०१४ साली प्रथमच डिझेलवर चालू लागली. एके काळी ती सोसायटीत आली की मालकाला बढती मिळाल्याचे वेगळे सांगावे लागत नसे. आज २०१० सालची सिटी दोन-तीन लाखांत मिळते आणि ती घेणारा आपण आठ लाख वाचवले अशा समजुतीत असतो. वाचलेले पैसे कुठे जातात, हे पुढे क्रमाने दिले आहे.

पहिले लक्षण आवाज. तो पुढच्या चाकाकडून, खड्ड्यात, कमी वेगाला येतो. उपचाराचा क्रम ठरलेला असून तो निदानावर नव्हे, किमतीवर बेतलेला असतो. आधी हजाराच्या आतबाहेरचा लिंक रॉड, मग लोअर आर्मचे बुश, मग अख्खा लोअर आर्म, मग शॉकॲब्सॉर्बर आणि सर्वांत शेवटी स्टिअरिंग रॅक. पहिला आवाज गेला की इतके दिवस त्याच्यामागे दबून असलेला दुसरा ऐकू येऊ लागतो, त्यामुळे मालकाला काहीच बदलले नाही असे वाटते आणि गॅरेजवाल्याला आपण बरोबर होतो असे वाटते. दोघांचेही खरे असते. रॅकपर्यंत पोचेतो वीस-तीस हजार सहज होतात.

मागच्या बाजूची कथा डिकीपासून सुरू होते. सिटीची डिकी पाचशे लिटरच्या वर आहे. परदेशात अशा डिकीत सुटकेस ठेवतात. कोकणातून परतणाऱ्या सिटीत तांदळाचे पोते, दोन फणस, आंब्याच्या पेट्या आणि कुणाच्या तरी मावशीने कुणाच्या तरी सुनेसाठी दिलेला पाटा असतो. गाडीचा तळ जमिनीपासून १६० मिलिमीटरवर असतो, तोही ती रिकामी असताना. पाच माणसे आणि पाटा धरून हा आकडा किती उरतो ते कंपनीच्या पुस्तकात नाही. गावोगावच्या गतिरोधकांना ते नेमके ठाऊक असते. सायलेन्सरचा रबरी हँगर तुटतो तो इथेच. त्याला शंभर-दोनशे रुपये लागतात. या संपूर्ण विषयातली ही एकमेव स्वस्त गोष्ट असल्यामुळे तिचा उल्लेख करणे आवश्यक आहे.

यापुढचा नियम समजला की बाकी सगळे आपोआप समजते. जुन्या गाडीत खर्च बिघडलेल्या भागाचा नसतो, त्या भागापर्यंत पोचण्याचा असतो. क्रँकशाफ्टच्या मागच्या बाजूचे ऑइल सील म्हणजे काहीशे रुपयांची रबरी कडी. ती इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध बसवलेली असते. तेल गळू लागले की ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि उतरवलेल्या गिअरबॉक्ससमोर उभे राहून गॅरेजवाला ते वाक्य म्हणतो, ज्याच्यावर महाराष्ट्रातली निम्मी गॅरेजे चालत असावीत: “साहेब, खोललंच आहे तर क्लचप्लेट बघून घेऊ का?” क्लचप्लेट बघितली की ती झिजलेलीच निघते. प्लेट बदलायची तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग जुने ठेवण्यात अर्थ नसतो. शिवाय इंजिनाचे माउंटिंग सोडवलेच आहे, त्याचे रबर चिरलेले दिसते. सीलसाठी गेलेली गाडी पंधरा हजारांचे बिल घेऊन परत येते, आणि चीड आणणारी गोष्ट ही की गॅरेजवाल्याचे म्हणणे शंभर टक्के योग्य असते. क्लच सहा महिन्यांनी गेला असता तर तोच गिअरबॉक्स त्याच मजुरीत पुन्हा उतरवावा लागला असता.

याच नियमाची कडेलोटाची अवस्था म्हणजे एसीची कूलिंग कॉइल. ती डॅशबोर्डच्या आत असते. ती झिरपू लागली की गार हवा येत नाही, आणि पहिली दोन वर्षे दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून घेतला जातो, कारण गॅस भरायला डॅशबोर्ड उतरवावा लागत नाही. अखेर तो उतरतो. परत बसवल्यावर एसी बर्फासारखा चालतो, पण पूर्वी नसलेली एक किरकिर कुठून तरी येऊ लागते आणि दोन स्क्रू उरतात. उरलेले स्क्रू मालकाला देण्याची पद्धत नाही.

२००३ च्या सिटीतल्या आय-डीएसआय इंजिनाला चार सिलिंडरला आठ स्पार्क प्लग आहेत. पुढचे चार हाताशी असतात. मागच्या चारांसाठी वायपर आणि काचेखालचे प्लास्टिक काढावे लागते. त्यामुळे अनेक गॅरेजांत मागचे चार नेहमी ‘चांगले आहेत’.

सुटे भाग पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाउसला मिळतात, वापरलेले हवेत तर कुर्ल्याला. तिथे ‘ओरिजिनल’, ‘ओरिजिनलसारखा’ आणि ‘त्याच कंपनीचा, फक्त डबा वेगळा’ अशा तीन प्रती असतात. तिसरी कधी कधी खरी असते, हा या बाजाराचा मोठेपणा.

विम्याकडून फारशी अपेक्षा नसावी. झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत बसतच नाहीत. अपघात झालाच, तर रबर आणि प्लास्टिकचे निम्मे पैसे कापले जातात. गाडी दहा वर्षांची झाली की पत्र्याचेही निम्मे. घसारा शून्य धरला जातो तो फक्त काचेवर, त्यामुळे जुन्या सिटीत विम्याच्या दृष्टीने तरुण राहिलेला भाग म्हणजे पुढची काच.

पंधरा वर्षे झाली की आरटीओत नोंदणीचे नूतनीकरण. केंद्राच्या दराप्रमाणे खाजगी मोटारीला त्याचे शुल्क २०२२ पासून पाच हजार रुपये झाले, वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५ पासून दहा हजार; महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. त्याआधी दिवे, हॉर्न, वायपर नीट करून घ्यावे लागतात. चॅसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची असते, आणि तो नंबर गंजाखालून आधी शोधून काढावा लागतो. पॉलिश पेपरचे वीस रुपये वेगळे धरावेत. नोंदणी पुढे पाच वर्षे चालते. एसी चालतो का, हे तिथे कोणी विचारत नाही.