गुडघ्याला बाशिंग

आमच्या भागातल्या मंगल कार्यालयात मुहूर्त नसलेल्या संध्याकाळी कराटेचा वर्ग भरतो. मुलांना सोडायला आलेले पालक बाहेर मोबाइल चाळत बसतात, हे सरांना बघवलं नाही. त्यांनी पालकांचीही बॅच काढली. फीमध्ये सवलत म्हटल्यावर चाळिशी-पन्नाशीतली सगळी मंडळी गुडघ्याला बाशिंग बांधून हजर! महिना उलटायच्या आत निम्म्या बाशिंगांच्या जागी नी-कॅप आल्या.

माझ्या गुडघ्यावर आली नाही, कारण मी मुळातलाच भित्रा. गुडघ्याच्या बाबतीत भित्रेपणासारखं कवच नाही, असं माझं ठाम मत आहे.

बाकीचे शूर होते. बँकेतून निवृत्त झालेले एक काका तर फारच. 'किबा-दाची' म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं पाय फाकून उभं राहणं. काका इतके खाली जायचे की घोडाच बसलाय की काय, अशी शंका यावी. वर त्यांचे गुडघे आत झुकलेले. सर ओरडायचे, "काका, गुडघे बाहेर! पावलाच्या बोटांच्या रेषेत!" काका छाती बाहेर काढायचे.

गंमत म्हणजे हा खाली-खाली जाण्याचा हट्ट मूळ पुरुषाचा नाहीच. 1922 साली ओकिनावाहून टोकियोला जाऊन तिथे कराटे रुजवणारे गिचिन फुनाकोशी जुन्या फोटोंत चांगले ऐसपैस, उंच उभे दिसतात. त्यांच्या शोतोकान शैलीतल्या पवित्र्यांना खोली आणली ती मुख्यतः त्यांच्या मुलाने, गिगोने. पोरगं तरुण, अंगात रग, त्याला शोभलं. स्वतः गिचिन 1957 साली, ऐंशी ओलांडून गेले. आम्ही वय बापाचं घेऊन पवित्रा मुलाचा घेतो आणि मग गुडघ्याला नावं ठेवतो.

गुडघ्याची बाजू घ्यायची तर, तो बिचारा बिजागरी आहे. मिटायचं आणि उघडायचं, एवढंच त्याचं मुख्य काम. वाकलेला असताना थोडा वळतो. सरळ, ताठ असताना जवळपास नाहीच. वळायचं काम वर खुब्याचं आणि खाली पावलाचं. 'मावाशी-गेरी', म्हणजे गोल फिरवून मारायची लाथ, मारताना सगळं लक्ष उडणाऱ्या पायाकडे असतं. घात करतो तो जमिनीवरचा. ते पाऊल चवड्यावर फिरलं नाही, तर मांडी एकीकडे वळते, नडगी जागेवर राहते आणि मधल्या कूर्चा नि अस्थिबंध पिळले जातात. आमच्या बॅचला हे शिकवलं तपकिरी पट्टा बांधणाऱ्या बारा वर्षांच्या एका मुलीने. कमरेवर हात ठेवून ती कोणालाही दरडावते, "काका, टाच फिरवा ना! समोरच्याकडे टाच!" ऑफिसात प्रमुख असलेले गृहस्थ निमूटपणे टाच फिरवतात. घरी त्यांचं कोणी ऐकत नाही, असं ऐकून आहे.

हवेतली लाथही कमी कपटी नाही. समोर पोतं नाही, माणूस नाही. सगळा जोर शेवटी गुडघ्यालाच हिसका देतो. म्हणून पाय पूर्ण ताठ व्हायच्या आत मागे खेचायचा. जमिनीचंही तसंच. कार्यालयाची फरशी घामाने निसरडी होते, आणि फोमच्या चटया घातल्या की ओलं पाऊल चिकटून बसतं, फिरतच नाही. दोन्हींत मला चटईचीच जास्त भीती वाटते.

बेडूकउड्या सरांनी बंद केल्या, हा त्यांचा मोठेपणा. त्याऐवजी भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसायला लावतात, एका पायावर उभं करतात, नितंबांचे नि मांड्यांचे स्नायू कामाला लावतात. दिसायला अगदी मिळमिळीत. लग्नासाठी हॉल बघायला आलेली कुणी मावशी डोकावली तर तिला वाटेल, शिक्षा चाललीय. पण नी-कॅपचा खप त्यानेच कमी झाला.

तुम्हीही कुठे लाथा मारायला जाणार असाल, तर खुशाल जा. फक्त एवढं करा: पाय वळताना गुडघ्यात 'कट्' वाजलं आणि काही तासांत तो सुजला, किंवा जिना उतरताना दगा देऊ लागला, तर शेजारच्यांचं तेल आणि ओळखीतला मालिशवाला, दोघांनाही नम्र नकार द्या. तडक हाडांच्या डॉक्टरांकडे जा, आणि रिक्षाने जा.