कॉमिक्सवाले सर

कॉमिक्सवाले सर नांदेडात भेटतात तसे लातुरातही भेटतात. फरक एवढाच, की लातूरचे सर सुट्टीच्या दिवशीही घड्याळ बघतात. पेशानं चित्रकला शिक्षक. शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांनी मागून घ्यायचा तास, त्यामुळे हाताशी वेळ असतो. त्या वेळात ते कॉमिक काढतात. कथा त्यांची, चित्रं त्यांची, प्रकाशन घरातलंच, विक्री खांद्यावरच्या शबनममधून. परीक्षण लिहायला कोणी पुढं आलं नाही, तर तेही त्यांचंच, टोपणनावानं.

त्यांना जयभीम घातला की 'बसा' म्हणायच्या आधी ते १९४७ सांगायला घेतात. आपल्याला वाटतं, स्वातंत्र्य. सर फिलाडेल्फियात असतात. ऑरिन इव्हान्स नावाच्या कृष्णवर्णीय पत्रकारानं त्या साली 'ऑल-निग्रो कॉमिक्स' काढलं. लिहिणारे, काढणारे सगळे कृष्णवर्णीय. बाकीची कॉमिक्स दहा सेंटला, हे पंधराला. अंक निघाला तो एकच. दुसऱ्याची तयारी झाली होती, पण कागदवाल्यांनी कागद विकायलाच नकार दिला. इथं सर चहाचा कप खाली ठेवतात.

"त्याला कागद मिळंना, मला मशीन मिळंना. प्रेसवाला म्हणतो, सर, लग्नसराई उरकू द्या."

या दोन अडचणी एका मापाच्या नाहीत हे सरांना पटवायच्या भानगडीत कोणी पडत नाही. त्यांना नातं जोडायचं असतं, आणि नातं जोडायला बसलेला मराठवाड्यातला माणूस कुठल्या तरी आत्याच्या दिरापर्यंत पोचतोच. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. म्हणजे सोयरीक जुनी. १९४६ला बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिलं. म्हणजे पत्रव्यवहारही झाला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर मराठीत पुस्तक लिहिलं ते डॉ. जनार्दन वाघमारे यांनी. लातूरच्या शाहू कॉलेजचे प्राचार्य आणि पुढं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. "बगा, दोन्ही गावं आली त्यात," असं म्हणून सर ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दाखवतात आणि आपला हात पुढं यायच्या आत परत पिशवीत घालतात.

पँथरवर तर विचारूच नका. ब्लॅक पँथर हा कॉमिकमधला नायक १९६६च्या उन्हाळ्यात अवतरला. त्याच ऑक्टोबरात ओकलंडला त्या नावाचा पक्ष निघाला, आणि १९७२ला मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवार ही मंडळी दलित पँथर घेऊन उतरली. पक्षानं नाव कॉमिकवरून उचललं नव्हतं, हे सर प्रामाणिकपणे सांगतात, पण इतक्या हळू, की शेजारच्यालाही ऐकू जात नाही.

स्वतःच्या धंद्यातल्या माणसांबद्दल त्यांची मतं पक्की आहेत. अमर चित्रकथेचे बाबासाहेब फार गोरे. 'भीमायन' या बाबासाहेबांवरच्या चित्रपुस्तकात दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी गोंड शैलीत काढलेली चित्रं म्हणजे सोनं, पण चौकटी कुठायत? मनातून मात्र सर त्या पुस्तकावर जळतात. त्यात प्रेमळ बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं आणि विखारी बोलण्याला विंचवाची नांगी असते. सरांनी तो विंचू उचलला. तो झिंग्यासारखा दिसतो, असं सरांच्या मुलीनं सांगितलं तेव्हापासून तिला पुढची पानं दाखवलेली नाहीत.

रंग भरतो फ्लेक्सच्या दुकानातला पोरगा. हात बसलेला, पण सवय वाढदिवसाची. २० मार्च १९२७चं महाड काढायला दिलं, तर त्यानं चवदार तळ्याच्या पाण्यावर सोनेरी चकाकी टाकली, बाबासाहेबांच्या मागं उगवता सूर्य लावला आणि खालच्या कोपऱ्यात गॉगलवाल्या सात-आठ जणांची 'शुभेच्छुक' म्हणून रांग बसवली. सरांनी गॉगल काढायला लावले. रांग ठेवली, कारण छपाईचे पैसे त्या रांगेतूनच आले होते.

विक्रीचं म्हणाल, तर लातूरच्या ट्यूशन एरियात एकदा एका पालकानं सगळी पानं चाळून विचारलं, "हे नीटला येतं का, सर?" सर "न्हाई" म्हणाले. त्या गृहस्थांनी कॉमिक जागेवर ठेवलं, अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवून. तेव्हापासून शेवटच्या पानावर सनावळ्यांचा तक्ता असतो आणि मुखपृष्ठावर 'स्पर्धा परीक्षांसाठी उपयुक्त'.

सरांची खरी हौस संमेलनाची. शिकागोत टर्टेल ओन्ली यांनी १९९३ला कृष्णवर्णीय कॉमिक्सवाल्यांचं संमेलन भरवलं, फिलाडेल्फियात २००२पासून भरतं, हार्लेमच्या शोमबर्ग सेंटरमधला उत्सव तर बरीच वर्षं जानेवारीत भरायचा. "आणि आपलं दाभड कव्हा? जानेवारीतच!" अर्धापूर तालुक्यातल्या दाभडला, बावरीनगरच्या महाविहारात, पौष पौर्णिमेला धम्म परिषद भरते. तिथं सतरंजी अंथरून सर आपलं कॉमिक्स संमेलन भरवतात. प्रतिनिधी एक. एका बाजूला बुद्धमूर्तीवाला, दुसऱ्या बाजूला कॅलेंडरवाला. सुटे पैसे मागायला दोघंही सरांकडं येतात, म्हणून सरांच्या सतरंजीपुढं गर्दी दिसते.

खरे गिऱ्हाईक म्हणजे पोरं. ती उकिडवी बसून अख्खं कॉमिक जागेवरच संपवतात आणि परत ठेवतात. सर हाकलत नाहीत. कुठल्या पानावर पोरगं रेंगाळलं ते बघत राहतात. मागच्या खेपेला अशाच एका पोराला शोधत त्याची आजी आली. वाचता येत नसावं, पण चित्रं एकेक करून बघत गेली आणि रमाईच्या पानावर थांबली.

"डोस्क्यावर पदर न्हाई हिच्या."

सरांनी चौकट, कोन, मागून येणारा उजेड असं बरंच समजावलं. आजी सगळं ऐकून म्हणाली, "ते असू दे. पदर कुठाय?"

ती गेल्यावर सरांनी खिशातला बॉलपेन काढला, गठ्ठा पुढ्यात ओढला आणि एकेका प्रतीत रमाईच्या डोक्यावर पदर काढत बसले. इव्हान्सला दुसरा अंक काढता आला नाही. सरांनी दुसरी आवृत्ती भर दुपारी सतरंजीवर काढली. संध्याकाळी एकानं पेनाच्या रेघा दाखवून दहा रुपये कमी करायला सांगितले. सर म्हणाले, "सुधारित आवृत्ती हाय ती. दहा वाढलेत."