तिरोड्याला कोल्हापूर येत नाही

वजन उतरवायचं ठरलं की पहिल्या आठवड्यात माणूस एवढा खर्च करतो की तेवढ्यात एखाद्या घरचं साक्षगंध आटोपावं. बूट येतात, ट्रॅकपँट येते, पावलं मोजणारा पट्टा येतो, डिजिटल काटा येतो आणि ग्रीन टीचा डबा येतो, जो पुढे पाहुण्यांनाही कोणी विचारत नाही. वर गल्लीभर दवंडी. एवढं झाल्यावर चालायला हुरूप उरणार कुठून? माझं म्हणणं, हुरूप कंजुषीनेच वापरावा.

त्यात आम्ही गोंदियाचे. १ मे १९९९ ला आमचा जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण भातातून वेगळं व्हायचं काही कोणाच्या मनात आलं नाही. पोळी असलीच तर ती भाताआधीची औपचारिकता. इथे कोणी "भात नको" म्हटलं की घरचे आधी कपाळाला हात लावून ताप बघतात. माझा जेमतेम अर्धा किलो उतरला असेल, तर शेजारच्या काकू फाटकातूनच ओरडल्या, "काहून गा, वाळलास! शुगर निघाली का?" गल्लीत तीन खिडक्या उघडल्या.

सल्ल्यांची मात्र कमी नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, म्हणजे मामला घरचाच. ऋजुता दिवेकर म्हणतात, थोडं थोडं खा, भाताला भिऊ नका, वर तूप घ्या. आमच्याकडे दोघांचाही मान राखला गेला: मिनिटं दीक्षितांची, भात-तूप दिवेकरांचं. ५५ मिनिटांत झाडीपट्टीचा माणूस किती भात संपवू शकतो, याचा अंदाज बाहेरच्यांना येणं कठीण. त्यातून ताटात एचएमटी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडून काढलेलं वाण. नाव घड्याळाचं, पण हा भात खाताना वेळेचं भान राहील तर शपथ.

तरी पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो. खरी फसगत इथेच. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, आणि त्याच्या एका ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी झालं की साठा मोडतो आणि पाणी निघून जातं. चरबीने अजून फारसं मनावर घेतलेलं नसतं. आपण मात्र चरबीच गेली समजून आलूबोंडा मागवतो. पुढे काटा थबकतो आणि लोक बूट माळ्यावर टाकतात.

आमच्या स्टेशनवरून महाराष्ट्र एक्सप्रेस सुटते. कोल्हापूरपर्यंत तेराशेवर किलोमीटर, तेही एकाच राज्यात. गोंदियाला बसलेला माणूस जवळच्याच तिरोड्याला खिडकीतून डोकं काढून "कोल्हापूर आलं का?" असं विचारत नाही. चादर अंथरतो, समोरच्याशी सोयरीक काढतो, पाय पसरतो. वीस किलो उतरवायला निघालेला तोच माणूस रोज सकाळी काट्यावर चढून नेमकं हेच विचारतो.

मी आता काट्याच्या नादी लागत नाही, एका निवृत्त गुरुजींच्या लागलो आहे. सकाळी सुभाष बागेत पोहोचलो नाही की त्यांचा फोन येतो, आणि त्यात "सुप्रभात" नसतं. ते वजनाबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. फेऱ्या संपल्या की वाटेत पोह्याचा ठेला लागतो: वाफाळते पिवळे पोहे, वर चण्याची तर्री, तर्रीवर लाल तवंग, त्यावर कच्चा कांदा. ठेलेवाला नुसता झारा वर धरून माझ्याकडे बघतो. गुरुजी म्हणतात, "रविवारी खाऊ, भाऊ." बाकीचे सहा दिवस मी त्या एका वाक्यावर चालतो.

आणि मुहूर्त शोधणाऱ्यांनी कॅलेंडर बघावं. दिवाळी संपली की गावोगावी मंडईची जत्रा, मंडईला गेलं की नातेवाइकांकडे जेवण, रात्री दंडारीचा खेळ. मग लग्नं, मग आमरस, मग पावसाळ्यात भजी. मोकळा आठवडा निघणारच नाही. तेव्हा एखाद्या बिनमहत्त्वाच्या मंगळवारी, कोणाला न सांगता, जुन्याच चपला घालून निघा.

काटा विकत घेऊ नका. माझा आहे, सेल नवा आहे, येऊन घेऊन जा. फक्त परत आणू नका.