मेलमधले साहेब

आमच्या बँकेच्या शाखेत एआय आलं, हे आम्हाला साहेबांच्या मेलमधल्या 'कृपया'वरून कळलं.

साहेब तोंडी बोलतात तेव्हा वाक्यात क्रियापद नसतं. "ती फाइल?" "कालचं स्टेटमेंट?" "अजून?" आणि एका सोमवारी सगळ्यांना मेल आला : 'प्रिय सहकाऱ्यांनो, तिमाहीअखेरच्या धावपळीत आपण मनःस्वास्थ्याकडेही लक्ष देत असाल, अशी आशा आहे.' कॅशमधल्या बाईंनी तो दोनदा वाचून हळूच विचारलं, "साहेबांची बदली झाली का हो?"

तेव्हापासून शाखेत दोन साहेब आहेत. मेलमधले साहेब सूचनांचं मनःपूर्वक स्वागत करतात. ती सूचना घेऊन केबिनमध्ये गेलं की मूळ साहेब मान वर न करता म्हणतात, "काय?"

मुख्यालयाचं परिपत्रकही आलं. ग्राहकांची माहिती एआयमध्ये टाकायची नाही, हे ठळक अक्षरांत होतं. काय टाकायचं, ते कुठेच नव्हतं. एआयमुळे वाचलेल्या वेळात मनःशांती कशी राखावी, यावर वेबिनारही ठेवला होता. वेळ संध्याकाळी साडेसहा, हजेरी सक्तीची.

हयातीचा दाखला द्यायला आलेले आमचे जुने युनियनवाले काका या दोन साहेबांची गोष्ट ऐकून खूश झाले. 1984 साली रंगराजन समितीनं बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला, तेव्हा काका गेटवर घोषणा देत होते. म्हणाले, "आम्हाला वाटायचं, यंत्र कारकुनाची खुर्ची खाईल. यानं तर साहेबाचीच खायला घेतली!"

क्लिअरिंगचा मुलगा मात्र डबा खाताना मोबाइलमधल्या एआयशी मन मोकळं करतो. कुणी डोकावलं की स्क्रीन पालथी. त्याला हसण्यात अर्थ नाही. 1966 साली एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा गप्पा मारणारा प्रोग्राम जगापुढे आणला. तो फार काही करत नसे, आपलंच वाक्य फिरवून प्रश्न विचारी. तो कसा घडला हे डोळ्यांदेखत पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनंही त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. विचारपूस कुणाला नको असते? आमच्याकडे तर क्रियापदापासूनच टंचाई.

मग ऐन मार्चअखेरीस कर्जविभागातल्या बाईंची आई आजारी पडली. बाईंनी एआयकडून चार परिच्छेदांचा रजेचा अर्ज लिहवून घेतला. त्यात 'कार्य-जीवन समतोल' दोनदा होता. साहेबांनी पहिली ओळ वाचून कागद बाजूला ठेवला.

"कुठलं हॉस्पिटल?"

बाईंनी सांगितलं.

"मग इथं काय करताय? निघा. व्हाउचर मी बघतो."

आणि रात्री उशिरापर्यंत बसून त्यांनी खरोखरच बघितले. मी साक्षीला होतो, कारण त्यांनी मलाही बसवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंना मेल आला : 'आपल्या मातोश्रींना लवकर आराम पडो. सोबत प्रलंबित कामांची यादी जोडली आहे.'

परवा मुख्यालयाचा कर्मचारी-समाधान फॉर्म आला. 'वरिष्ठांनी आपल्याला आधार दिला का?' बाईंनी 'होय'वर टिचकी मारली. फॉर्म पुढे सरकेना. पुरावा जोडणं अनिवार्य होतं. त्यांनी तो मेल जोडला.