जाणकार

सांता फेच्या चौकात 'पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स'ची लांबलचक ओसरी आहे. तिथे भिंतीला पाठ लावून न्यू मेक्सिकोच्या पुएब्लोंतले, म्हणजे मूलनिवासींच्या गावांतले, कारागीर दागिने मांडून बसतात. हा गृहस्थ तिथे हमखास भेटतो. गळ्यात बोलो टाय, खिशात भिंग आणि मनगटावर एवढी चांदी, की घड्याळ बघायचं तर आधी बाह्या सावरायच्या, मग कडी सारायची.

दागिना तो सुलटा बघतच नाही. मुलगी बघायला आलेल्या आत्याच्या नजरेने आधी उलटा करतो. मागे कारागिराचा ठसा असला तर "हे अलीकडचं." नसला तर "खरं कशावरून?" झुनी पुएब्लोच्या जुन्या कामावर बहुधा ठसा नसतो, हे त्याला पाठ आहे, पण ती सवलत फक्त त्याच्या स्वतःच्या कड्यांना.

मग तो समोरच्या झुनी बाईला झुनी काम समजावून सांगतो. नवाहो जमातीच्या कामात तोरा चांदीचा, झुनी कामात खड्याचा. आणि चांदी घडवायला झुनी 1872च्या सुमारास शिकले ते एका नवाहो कारागिराकडून. सगळं बरोबर असतं, हीच तर पंचाईत. बाई ऐकून घेते. तिच्यापुढच्या कर्णफुलांत दोन्ही टोकांना निमुळते, चिमटीत न सापडणारे फिरोजे आहेत. प्रत्येकाला चांदीचं वेगळं कोंदण. खडे नवऱ्याने घासलेत, कोंदणं तिची.

"खडा स्लीपिंग ब्यूटीचा?" ॲरिझोनातल्या या खाणीतून फिरोजा निघायचा 2012 साली थांबला, तेव्हापासून याला दुसरा चालत नाही. "नाही" म्हटलं तर नाक मुरडतो, "हो" म्हटलं तर "सगळे हेच सांगतात!" हाउलाइट नावाचा दगड रंगवून फिरोजा म्हणून कसा खपवतात आणि खोटा माल 'इंडियन', म्हणजे मूलनिवासींचा, म्हणून विकला तर 1990च्या कायद्याने अडीच लाख डॉलरपर्यंत दंड कसा होतो, हेही तो तिलाच ऐकवतो. बोट नाचवून.

एवढ्यात एक पर्यटक बाई थबकतात. श्रोता मिळाल्यावर याला थांबवणार कोण? कर्णफुलं त्यांच्या तळहातावर ठेवून, भिंग हाती देऊन तो कोंदणाची दातेरी कड दाखवतो, खड्यांची ओळ दाखवतो. असं काम आता कुठे बघायला मिळतं म्हणतो. बाई भाव विचारतात, मुकाट्याने पैसे मोजतात आणि कर्णफुलं घेऊन चालू लागतात.

"अहो, मला वीस डॉलर कमी सांगितले होतेत!"

"तेव्हा मला एवढी माहिती नव्हती," झुनी बाई म्हणते.