पेपरलेस ऑफिसच्या तीन फायली

आमच्या माहितीतल्या एका महाविद्यालयात सध्या गुणवत्तेचं काम इतकं जोरात चाललंय, की शिकवायला कुणाला सवड नाही. 'नॅक'ची, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची समिती यायचीय. भिंतींना रंग लागला, कुंड्या भाड्याने आल्या, माजी विद्यार्थ्यांचा शोध सुरू झाला.

या सगळ्याचं सुकाणू अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडे, म्हणजे 'आयक्यूएसी'कडे. समन्वयक सर मूळचे रसायनशास्त्राचे. आता ते फक्त पुरावे गोळा करतात. त्यांचे तास घेतात तासिका तत्त्वावरचे एक सर. त्यांचं मानधन कधी येईल याची हमी मात्र कक्षाच्या कार्यकक्षेत येत नाही. कक्षाची बैठक दर तिमाहीला व्हायला हवी. झालीच ती! चारही तिमाह्यांची इतिवृत्तं परवा एका दुपारी लिहून झाली, तीही वेगवेगळ्या पेनांनी. उद्योगक्षेत्राचे प्रतिनिधी म्हणून संस्थाचालकांचे मेहुणे सह्या करून गेले. चर्चा सखोल झाल्याचं त्यांना तिथेच वाचायला मिळालं.

नॅकच्या मूल्यांकनात संलग्न महाविद्यालयांसाठी एकूण १००० गुण, त्यातले ३५० अध्ययन-अध्यापन आणि मूल्यमापनाला. त्यामुळे सर्वांत जाड फाईलही त्याचीच. वृक्षारोपणाचा जिओ-टॅग केलेला फोटो हवा, म्हणून एकच रोप तीन विभागांच्या हातून फिरलं. रोप जगलं की नाही, असा रकानाच नाही. शिवाय दोन 'बेस्ट प्रॅक्टिसेस' दाखवाव्या लागतात. या महाविद्यालयाची पहिली आहे पेपरलेस ऑफिस. पुराव्यादाखल तीन फायली जोडल्या आहेत.

नॅक १९९४ साली स्थापन झाली तेव्हा संस्थांनी आधी स्वतःकडे पाहावं, हा हेतू होता. हेतू चांगलाच होता. पण नॅकच्या श्रेणीवर अनुदान, स्वायत्तता आणि जाहिरातीचा फलक अवलंबून राहू लागला की आरशालाही मेकअप करावा लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्रातल्या एका संस्थेला 'ए प्लस प्लस' श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने तपासणी समितीच्या अध्यक्षांसह अनेकांना अटक केली. रोकड, सोनं, लॅपटॉप जप्त झाले. या पुराव्यांना जिओ-टॅग नव्हता, एवढीच काय ती त्रुटी.

पालकहो, प्रवेश घेताना फाटकावरची श्रेणी जरूर वाचा. मग आत जाऊन शिपायाला हळूच विचारा, 'मामा, तास होतात का?'