मुळ्याचा मान

मुळा ही दर्शन घेण्याची वस्तू आहे, हे माझ्या आत्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी त्याची कोशिंबीर होते, पाल्याची भाजी होते आणि विषय तिथेच संपतो. त्यामुळे २३ डिसेंबरच्या दुपारी दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका शहराच्या मुख्य चौकात, म्हणजे सोकालोत, मुळे पाहायला लागलेल्या रांगेचं शेपूट शोधताना ती मला म्हणाली, "अरे, इथे दुष्काळबिष्काळ पडलाय का?"

दुष्काळ नव्हता, 'नोचे दे राबानोस' होती. मुळ्यांची रात्र. रांग मात्र थेट लालबागची. मुखदर्शनाची वेगळी सोय नव्हती, एवढाच काय तो फरक.

मुळा मेक्सिकोत आणला स्पॅनिश लोकांनी. पुढे नाताळच्या बाजारात गिऱ्हाइकाची नजर खेचायला भाजीवाले मुळे कोरून मांडू लागले. १८९७ साली इथले नगराध्यक्ष फ्रान्सिस्को वास्कोन्सेलोस यांनी त्याची रीतसर स्पर्धाच सुरू केली. आपल्याकडे नगरपालिकेचं लक्ष भाजीवाल्याकडे गेलं, की तो आधी टोपली उचलून पळतो. इथे त्याला बक्षीस ठेवलं होतं! आत्याला हे पटायला वेळ लागला.

स्पर्धेचे मुळे मुद्दाम पिकवतात. काढणीची वेळ उलटून गेली तरी जमिनीतच ठेवतात, खत-पाणी घालतात. मग ते अर्धा मीटर लांब होतात, काही तीन किलोंपर्यंत भरतात. त्यांना कुठूनही पाय फुटतात, सोंडा फुटतात. रंग वरून लाल, आतून पांढरा. साल सोलली की चेहरा, ठेवली की अंगरखा.

"आणि नंतर खातात ना?"

"नाही आत्या. हे खायचे नसतातच."

"जून झाले असतील," असा निकाल देऊन ती रांगेत पुढे सरकली.

टेबलांवर सगळा संसार मांडला होता. येशूचा जन्म तर होताच, शिवाय पिसांचे मुकुट घातलेले नर्तक, चर्चचे घुमट, आनंदाने दात काढणारे सांगाडे. एका मगरीचे चारही पाय मुळ्याने स्वतःच काढलेले होते, कारागिराने फक्त तोंड उघडून दिलं होतं. मला ती सगळ्यात आवडली. एका राजाचं नाक संध्याकाळपर्यंत टिकेल की नाही, अशी चिंता त्याच्या कर्त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. हवा लागली की मुळा सुकतो, काळवंडतो. म्हणून प्रत्येक जण हातात पाण्याचा फवारा घेऊन देव, दानव, गाढव सगळ्यांना सारखं न्हाऊ घालत होता.

"ओलं फडकं टाकून ठेव म्हणावं," आत्या एका बाईला अस्खलित मराठीत म्हणाली. बाईंनी स्पॅनिशमध्ये काहीतरी सविस्तर सांगितलं. आत्याने मान डोलावली. मला दोघींनीही काही सांगितलं नाही.

पाल्याचा प्रश्न मात्र तिला छळत होता. एवढ्या मुळ्यांचा पाला गेला कुठे? शेवटी एका बेथलेहेमात तो खजुराच्या झाडांच्या शेंड्यांना लावलेला सापडला, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

शेजारीच मक्याच्या कणसांवरच्या सुक्या सालींच्या आणि सुक्या फुलांच्या कलाकृतींची वेगळी स्पर्धा होती. सुंदर होत्या. पण आत्याच्या मते त्यात जोखीम नव्हती. जे आधीच सुकलंय त्याला कसली आलीय घाई!

भूक लागली म्हणून बुन्युएलोच्या ठेल्यावर गेलो. गव्हाची मोठी, पातळ, कुरकुरीत तळलेली चकती, वर पाक. मातीच्या बशीत देतात. खाऊन झालं की मनात इच्छा धरायची आणि बशी जमिनीवर आपटायची, असा इथला नाताळातला रिवाज. आजूबाजूला खळाखळ बशा फुटत होत्या.

आत्याने बशी उलटी केली, बोटाने वाजवून पाहिली. "ही फोडायची? चांगली भाजलेली आहे की!" आणि कागदाने पुसून ती पिशवीत टाकली.

ठेलेवाल्या आजोबांनी हे पाहिलं. त्यांनी हसत काठ उडालेली एक बशी शोधून तिच्या हातात दिली. ती मात्र आत्याने डोळे मिटून जोरात आपटली.

"काय मागितलंस गं?"

"सांगायचं नसतं," ती म्हणाली. "जा, अजून एक बुन्युएलो आण. आणि बशी बघून घे."